शास्त्र आणि संसार : दगडाची साक्ष

सोन्याचा भाव चढूं लागला कीं आपल्याकडे दोन गोष्टी हटकून घडतात. जुन्या पाटल्या मोडून नव्या घडणीच्या बांगड्या करण्याचे बेत घरोघर रहित होतात, आणि वर्तमानपत्रांत कोठें तरी सोन्याची खाण सांपडल्याची वार्ता झळकते. पहिल्या गोष्टींत शहाणपण आहे. दुसरीकडे मात्र अंमळ चिकित्सक दृष्टीनें पाहणें अवश्य असतें. कारण ‘सांपडली’ या एका शब्दांत इतके निरनिराळे अर्थ दडलेले असतात कीं, त्यांतला कोणता घ्यावयाचा हें बातमी लिहिणाऱ्यालाहि पुष्कळदां ठाऊक नसतें. आमच्या एका वाचकमित्रांनीं पृच्छा केली आहे कीं, अमक्या डोंगरांत तमुक टन सोनें आहे असें शास्त्रज्ञ सांगतात, तें कशावरून? तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असतें काय? प्रश्न अगदीं साधा आहे. परंतु तोच प्रश्न वेळीं आणि आग्रहानें विचारला गेला असता, तर १९९७ सालीं कॅनडांतील हजारों कुटुंबांची पुंजी वांचली असती. ती हकीकत पुढें येईलच.

प्रथम आपल्याच देशांतलें एक उदाहरण घेऊं. २०२० सालच्या फेब्रुवारींत उत्तर प्रदेशांतील सोनभद्र जिल्ह्यांत तीन हजार टनांहून अधिक सोनें सांपडल्याची बातमी देशभर पसरली. त्या वेळीं रिझर्व्ह बँकेपाशीं जेवढें सोनें होतें त्याच्या चौपटीहूनहि हा आंकडा मोठा होता. राष्ट्राचें सारें कर्ज फिटणार, सोनें स्वस्त होणार, असे मनोरे रचले गेले. ‘बाजारांत तुरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं बहुधा अशाच एखाद्या प्रसंगावरून रचली असावी. २२ फेब्रुवारीस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें खुलासा केला कीं, असा अंदाज आमच्या खात्यानें दिलेलाच नाहीं. आमचा अंदाज आहे तो इतकाच : सोनें असलेला दगड ५२,८०६.२५ टन, आणि त्या दगडांत दर टनास सरासरी ३.०३ ग्रॅम सोनें. मुलांनीं पाटीवर गुणाकार करून पाहावा. उत्तर येतें १६० किलो. म्हणजे सुमारें तेरा हजार सातशें तोळे. सोनें खरोखरच होतें. पण राष्ट्राचें दैन्य फिटण्याइतकें नव्हतें.

त्याच प्रांतांत २०१३ सालीं एका साधूस डौंडियाखेडा येथील पडक्या किल्ल्याखालीं हजार टन सोनें असल्याचें स्वप्न पडलें होतें, आणि सरकारी खात्यानें तेथें खणूनहि पाहिलें होतें. सोनें निघालें नाहीं. स्वप्नाचा आंकडा आणि सर्वेक्षणाचा आंकडा यांत भेद कोणता? सर्वेक्षणाच्या आंकड्यामागें दगड असतो. कोणालाहि पुन्हां तपासतां येईल असा, पेटींत नांव-नंबर घालून ठेवलेला दगड. तो कसा मिळवितात हें समजलें म्हणजे ‘सांपडलें’ या शब्दाचा अर्थ आपोआप उलगडेल.

सुताराचें गिरमिट आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. तें लांकडांत फिरवलें कीं भुसा बाहेर पडतो व भोंक राहतें. विहिरीसाठीं जमिनींत छिद्र पाडतांना साधारणतः असेंच होतें. दगडाचा चुरा वर येतो, आणि पाणी लागलें कीं काम झालें. खनिजाच्या शोधांत मात्र भोंकाला कांहींच किंमत नसते. किंमत असते ती भोंकांतून निघालेल्या दगडाला. म्हणून तेथें वापरावयाचें गिरमिट पोकळ असतें. पोलादी नळीच्या तोंडाशीं एक कडें बसविलेलें असतें, आणि त्या कड्यांत हिरकण्या जडविलेल्या असतात. दागिन्यांतल्या पाणीदार हिरकण्या नव्हेत. बारीक, मळकट, कारखान्यांत तयार केलेल्या. नळी गरगर फिरत खालीं उतरते, वरून पाण्याचा प्रवाह चालूं असतो, आणि हिरकण्यांचें कडें दगड वर्तुळाकार कापीत जातें. मधला दगड न फुटतां नळींत उभा दांड्यासारखा राहतो. तो वर ओढून काढला म्हणजे भूगर्भाचा एक अखंड नमुना हातीं येतो. यासच गाभा म्हणावयाचें. या युक्तीचा जनक जिनिव्हा शहरांतील जॉर्ज ऑगुस्त लेशो हा घड्याळांच्या कारखान्यांतला यंत्रकुशल गृहस्थ होता. १८६२ च्या सुमारास त्यानें ती काढली. घड्याळाच्या नाजुक चक्रांत आयुष्य घालविलेल्या माणसाला पहाड पोखरण्याचा उपाय सुचावा ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

हल्लीं रूढ असलेल्या एका मापाचा गाभा सुमारें पावणेपांच सेंटिमीटर जाड असतो, म्हणजे घरांतल्या जाडशा लाटण्याएवढा. तो लांबट, खणाखणांच्या पेट्यांत जसा निघाला तसा क्रमानें मांडतात. किती खोलीवरून निघाला याची खूण प्रत्येक तुकड्याजवळ घालतात. मग भूगर्भशास्त्रज्ञ भिंग घेऊन त्या पेट्यांपुढें बसतो आणि इंचाइंचाची नोंद करतो : येथें पांढरी गारगोटी लागली, येथें खडक चुरगळलेला आहे, येथें गंधकमिश्रित खनिजाचे पिंवळे ठिपके आहेत. हें पिंवळें पाहून भल्याभल्यांची फसगत झालेली आहे. सोनें बहुधा असें ठळक दिसतच नाहीं. नोंद झाली कीं गाभा करवतीनें उभा चिरतात. अर्धा भाग परीक्षेसाठीं प्रयोगशाळेकडे जातो, आणि अर्धा पेटींतच राहतो. वाचकांनीं हा पेटींतला अर्धा भाग लक्षांत ठेवावा. पुढील साऱ्या हकीकतीचें मर्म त्यांतच आहे.

प्रयोगशाळेंत जें घडतें तें आपल्या जुन्या सोनारांस परकें वाटणार नाहीं. दगड वाळवून फोडतात, पिठासारखा दळतात, आणि त्या पिठांतून तीस किंवा पन्नास ग्रॅम घेऊन त्यांत मुरदाडशिंग, टांकणखार वगैरे द्रव्यें मिसळून मुशींत घालून भट्टींत वितळवितात. शिसें तळाशीं बसतें आणि बसतांना सोनें-चांदी आपल्याबरोबर घेऊन जातें. मग तो शिशाचा गोळा हाडांच्या राखेच्या लहानशा वाटींत तापविला कीं शिसें राखेंत जिरतें व एक चिमुकला मणी मागें उरतो. त्यांतली चांदी शोऱ्याच्या तेजाबानें विरघळली कीं राहिलें तें सोनें. तें तोलावयाचें. मापनाचीं यंत्रें आज पुष्कळ सुधारलीं, तरी अग्निपरीक्षेची ही जुनी रीत सोन्याच्या बाबतींत अद्यापि मानाची आहे.

येथवर सारें सरळ वाटतें. अडचण आहे ती पुढेंच. आपण शितावरून भाताची परीक्षा करतों, आणि ती बरोबर ठरते. कां कीं, पातेल्यांतला भात सगळा एकाच आंचेवर शिजलेला असतो. पृथ्वीच्या पोटांतलें सोनें भातासारखें नसतें. शिऱ्यांतल्या काजूसारखें असतें. एका चमच्यांत दोन येतात, पुढच्या चार चमच्यांत एकहि नाहीं. थोडा हिशेब करूं. वर सांगितलेल्या मापाचा एक मीटर लांबीचा गाभा वजनानें पांच किलोंच्या किंचित् आंत भरतो. दर टनास तीन ग्रॅम सोनें असलेला दगड हा बरा समजतात. अशा दगडाच्या त्या मीटरभर गाभ्यांत सोनें किती असेल? अवघें चौदा मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा यापेक्षां जड असतो! आतां योगायोगानें त्या मीटरभरांत मोहरीहूनहि बारीक, मिलिमीटरभर जाडीचा, सोन्याचा एक चौकोनी कण जास्त आला तर? त्याचें वजन एकोणीस मिलिग्रॅम. त्या एका कणानें उत्तर दुपटीहून अधिक होतें. कण आला नाहीं तर चांगली खाण हातची जाईल, आला तर वाईट खाण चांगली भासेल. यास्तव एका छिद्रावर कोणी शहाणा विसंबत नाहीं. दहा, पन्नास, शेंकडों छिद्रें ठराविक अंतरानें पाडतात. तरीहि शंभर शंभर मीटरांवर छिद्रें असलीं, तर लाटण्याएवढ्या एका गाभ्यानें आपल्या वांट्याच्या दहा हजार चौरस मीटर जागेची साक्ष द्यावयाची असते. म्हणजे सुमारें छप्पन लाखांत एक, असें हें प्रमाण पडतें. मधल्या जागेंत काय आहे तें शास्त्रज्ञ तर्कानें भरून काढतो. तो तर्क चांगला अभ्यासलेला असतो, पण तो तर्कच. ५२,८०६ टनांपुढें छापलेला तो पाव टन पाहून म्हणूनच आम्हांस हंसूं आलें. तो काटेकोरपणा गुणाकाराचा आहे, डोंगराचा नव्हे.

आतां कॅनडाची हकीकत. ब्रे-एक्स नांवाची एक लहानशी कंपनी कॅलगरी शहरांत होती. डेव्हिड वॉल्श हा तिचा संस्थापक. १९९३ सालीं तिनें बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या पूर्व कालिमंतान प्रांतांत, बुसांग नांवाच्या रानांतील एक जागा घेतली. जॉन फेल्डरहॉफ हा तिचा मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ, आणि प्रत्यक्ष रानांत काम पाहणारा मायकेल दे गुझमान हा फिलिपिनो भूगर्भशास्त्रज्ञ. छिद्रें पडूं लागलीं आणि गाभ्यांतून सोनें निघूं लागलें. प्रत्येक कांहीं महिन्यांनीं नवा अंदाज प्रसिद्ध होई, आणि तो मागच्याहून मोठा असे. १९९७ च्या फेब्रुवारींत हा आंकडा सुमारें सात कोटी दहा लक्ष औंसांवर गेला होता. आपल्या मापानें बावीसशें टन! कांहीं सेंटांत मिळणारा या कंपनीचा भाग जुन्या हिशेबानें २८० डॉलरांच्या वर चढला. कंपनीची बाजारांतील किंमत सहाशें कोटी डॉलर झाली. मोठमोठ्या पेढ्यांच्या विश्लेषकांनीं तिची शिफारस केली. ओंटारिओ प्रांतांतल्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाच्या निधीनेंहि तींत पैसे गुंतविले, आणि ज्यांनीं जन्मांत कधीं शेअर घेतला नव्हता अशा साध्या माणसांनीं घरें गहाण टाकून ते घेतले.

या सर्व काळांत एक गोष्ट उघड्यावर होती, आणि ती लपविलेली नव्हती. बुसांगचा गाभा चिरला जात नव्हता. नमुन्याखातर ठेवलेले थोडे तुकडे सोडले तर सबंध गाभा फोडून परीक्षेला पाठविला जात असे. पेटींत राहावयाचा तो अर्धा भाग राहतच नव्हता. याचें कारण कंपनी काय देई? तेंच, जें आपण वर पाहिलें : येथील सोनें जाड कणांचें आहे, तें एकसारखें पसरलेलें नाहीं, सबब नमुना जितका मोठा तितका निर्णय अचूक. कारण शास्त्रशुद्ध होतें! शिऱ्यांतल्या काजूची खरीखुरी अडचण पुढें करून त्या मंडळींनीं फेरतपासणीची वाटच बुजवून टाकली. आणि ऐकणाऱ्या तज्ज्ञांना कारण पटल्यामुळें त्यांनीं मान डोलविली. अडाणी माणूस थापेला फसतो, तर शिकलेला माणूस अर्ध्या सत्याला फसतो, असें जें म्हणतात त्याचा इतका चोख दाखला दुसरा मिळणें कठीण.

१९९७ च्या जानेवारींत रानांतल्या तळावर आग लागून पुष्कळशीं कागदपत्रें जळालीं. त्यानंतर फ्रीपोर्ट या मोठ्या अमेरिकन कंपनीनें भागीदारीपूर्वीं स्वतःचीं छिद्रें पाडावयाचें ठरविलें, आणि तीं मुद्दाम ब्रे-एक्सच्या छिद्रांना अगदीं खेटून पाडलीं. त्यांत सोनें जवळजवळ नव्हतेंच. १९ मार्च रोजीं फ्रीपोर्टच्या माणसांस भेटावयाला निघालेला दे गुझमान हेलिकॉप्टरमधून खालीं रानांत पडून मरण पावला. ती आत्महत्या मानली गेली, पण तींविषयीं नाना तर्क पुढें चालूंच राहिले. २६ मार्चला फ्रीपोर्टचा निष्कर्ष जाहीर झाला आणि एका दिवसांत भागाची किंमत पांचव्या हिश्शाहूनहि खालीं आली. स्ट्रॅथकोना या त्रयस्थ संस्थेनें नवे गाभे काढून तपासले व मेमध्यें निर्णय दिला : बुसांगला खाण करण्याजोगें सोनें नाहीं, दगडाच्या चुऱ्यांत बाहेरून सोनें मिसळण्यांत आलें होतें. तें ओळखूं कसें आलें? कणांच्या आकारावरून. खडकांत जन्मलेला सोन्याचा कण ओबडधोबड, कंगोरेदार असतो; ब्रे-एक्सच्या चुऱ्यांतले कण गोलसर होते. वाळूंतून वाहत येतांना घासून घासून जसे होतात तसे. नदींतल्या सोन्याची चिमूट दगडाच्या पिठांत पडली होती. ज्या अर्ध्या गाभ्यानें ही गोष्ट पहिल्याच वर्षीं उघड केली असती, तो नव्हता.

वॉल्श १९९८ सालीं वारला. फेल्डरहॉफवर खटला झाला, तो २००७ सालीं निर्दोष सुटला. या प्रकरणांत फौजदारी शिक्षा कोणालाच झाली नाहीं. ज्यांचें गेलें त्यांचें गेलें. एक मात्र झालें : २००१ पासून कॅनडांत असा नियम आला कीं, खनिजाचा कोणताहि अंदाज प्रसिद्ध करावयाचा तर जबाबदार, पात्र अशा तज्ज्ञाच्या नांवानिशीं करावा, आणि नमुने कसे घेतले, कसे राखले, कसे तपासले, हें त्यांत नमूद असावें. दळलेल्या नमुन्यांच्या रांगेंत सोनें नसलेल्या दगडाची पुडी आणि ज्ञात प्रमाणाची पुडी गुपचूप घालून प्रयोगशाळेचीच परीक्षा घेण्याची चालहि हल्लीं सर्वत्र आहे.

याचा अर्थ प्रत्येक खाणीची बातमी खोटी समजावी असा मात्र नव्हे. संशय हें ज्ञानाचें साधन आहे, पण तें एकच साधन नव्हे. आपल्याकडेच १८८० च्या सुमारास वायनाडांत सोन्याची मोठी लाट उठली होती. लंडनला डझनांनीं कंपन्या निघाल्या, यंत्रें घाटावर ओढून आणलीं, साहेबांचे बंगले उठले, आणि मग कोणाच्या तरी लक्षांत आलें कीं दगडाची नीट पारख करावयाची राहूनच गेली आहे. यंत्रें रानांत गंजून गेलीं. त्याच सुमारास कोलारलाहि कंपन्या निघाल्या होत्या, आणि त्यांचीहि गत तीच होण्याच्या बेतांत होती. जॉन टेलर आणि मंडळी यांच्या म्हैसूर कंपनीचें भांडवल जवळजवळ संपलें होतें; काम गुंडाळावें असा भागधारकांचा आग्रह होता. उरल्यासुरल्या पैशांवर आणखी एक प्रयत्न करण्यास त्यांस कसेंबसें राजी करण्यांत आलें. कॅप्टन प्लमर नांवाच्या खाणकामगारांच्या मुकादमानें जुन्या एतद्देशीय लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं खणून सोडलेल्या खड्ड्यांचा माग धरला आणि त्यांच्या खालीं आणखी खोल उतरून पाहिलें. १८८५ च्या आसपास तेथें जी गारगोटीची शीर लागली तीच पुढें चॅंपियन शीर म्हणून प्रसिद्धीस आली. ही खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली, तिनें आठशें टनांहून अधिक सोनें दिलें, आणि २००१ सालीं बंद पडली. वायनाडच्या लोकांनीं जाहिरात वाचली, प्लमरनें जुने खड्डे वाचले.

आतां सोन्याइतकाच गाजावाजा ज्यांचा चालूं आहे त्या दुर्मिळ मृत्तिकांकडे वळूं. नांव फसवें आहे. हीं सतरा मूलद्रव्यें. मातीहि नव्हेत आणि तितकींशीं दुर्मिळहि नव्हेत. त्यांतलें सिरियम पृथ्वीच्या कवचांत जवळजवळ तांब्याइतकें आहे. हीं प्रथम स्वीडनमधील इटर्बी या गांवच्या एका काळ्या दगडांतून उजेडांत आलीं. १७९४ सालीं गाडोलिन या रसायनशास्त्रज्ञानें त्याची चिकित्सा केली. आज विजेवर चालणाऱ्या मोटारी, पवनचक्क्या, खिशांतला दूरध्वनि, या साऱ्यांत जे लहानखुरे पण जबरदस्त लोहचुंबक असतात, ते यांपैकीं निओडिमियमपासून करतात. म्हणून राष्ट्राराष्ट्रांत त्यांसाठीं चढाओढ आहे. या धातूंच्या शुद्धीकरणाचा बहुतेक धंदा चीनच्या हातांत आहे, आणि एप्रिल २०२५ मध्यें त्या देशानें यांपैकीं सात धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हां जगभरच्या मोटारींच्या कारखानदारांची झोंप उडाली.

यांच्या शोधासाठींहि तसेंच छिद्र पाडतात, तसाच गाभा काढतात. पण येथें कोडें निराळें आहे. सोन्याच्या बाबतींत किती आहे हें कळलें म्हणजे निम्मी लढाई झाली. दुर्मिळ मृत्तिकांच्या बाबतींत किती आहे हें यंत्र चटकन् सांगतें. खरा प्रश्न असतो तो कोणत्या खनिजांत आहे, आणि तें खनिज त्यांना सोडावयास तयार आहे कीं नाहीं हा. कांहीं खनिजांतून त्या काढण्याची रीत चांगली माहितीची आहे; कांहीं खनिजें मात्र अशीं हट्टी कीं, गाभ्याच्या नोंदींत उत्तम टक्केवारी असूनहि माल हातीं येत नाहीं. बरें, निघाल्या तरी बहुतेकजणी एकमेकींस चिकटून निघतात. रासायनिक गुणधर्मांत त्या जुळ्या बहिणींसारख्या, आणि त्यांना एकमेकींपासून निराळें करणें म्हणजे शेंकडों टप्प्यांची दगदग. कॅलिफोर्नियांतील माउंटन पास येथें १९४९ सालीं युरेनियम शोधणाऱ्यांना अकस्मात् यांचा मोठा सांठा लागला. ती खाण कित्येक वर्षें जगांत अग्रेसर होती; २००२ सालीं ती बंद पडली, आणि पुढें पुन्हां सुरू झाली तेव्हां तिचा माल शुद्धीकरणासाठीं बरींच वर्षें चीनलाच पाठवावा लागला. खाण घरची, पण जातें शेजारणीकडे, अशी ही गत!

आपल्या देशांत या द्रव्यांची ओळख गमतीनें झाली. त्रावणकोरहून परदेशीं गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या पिंवळसर वाळूच्या कणांवरून शोंबर्ग या जर्मन गृहस्थानें १९०९ सालीं तेथील मोनाझाइटचा माग काढला. त्या वेळीं मोनाझाइट हवें होतें तें दिव्याच्या जाळ्यांना लागणाऱ्या थोरियमसाठीं. मृत्तिकांना कोण विचारतो! पुढें १९५० सालीं इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था स्थापन झाली. खडकांतला सांठा म्हणाल तर गुजरातेंत, छोटा उदेपूर जिल्ह्यांतील आंबाडोंगर प्रसिद्ध आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं, तेथें एक चमत्कारिक ज्वालामुखी होता, ज्याचा रस चुनखडीच्या जातीचा होता. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजचे प्राध्यापक सुखेशवाला आणि अणुखनिज विभागाचे उदास या दोघांनीं १९६३ सालीं त्या दगडाची खरी जात जगापुढें मांडली. तेव्हांपासून तेथें छिद्रें पडत आलीं आहेत, गाभे निघत आले आहेत. साठ वर्षें उलटून गेलीं. मृत्तिकांची खाण अजून व्हावयाचीच आहे, आणि यांत कोणाची दिरंगाई जितकी आहे त्याहून अधिक त्या दगडाचा स्वभाव आहे असें आमचें मत आहे.

शब्दांचा घोटाळाहि पाहा. २०२३ च्या फेब्रुवारींत जम्मू-काश्मीरच्या रिआसी भागांत एकोणसाठ लक्ष टन लिथियम सांपडल्याचें छापून आलें. (लिथियम दुर्मिळ मृत्तिकांत मोडत नाहीं, पण बातमीदारांनीं सर्वांची एकच पंगत मांडली.) तो आंकडा लिथियमचा नव्हता, लिथियमयुक्त दगडाचा होता, आणि अंदाजहि प्राथमिक पायरीवरचा होता. खनिजशोधनाच्या चार पायऱ्या सरकारी कागदांत असतात : टेहळणी, प्राथमिक, सर्वसाधारण आणि तपशीलवार. पहिल्या दोन पायऱ्यांवर छिद्रें विरळ, तर्क फार. रिआसीची पायरी दुसरी. २०२४ सालीं त्या जागेचा लिलांव पुरेसे बोलीदार न मिळाल्यामुळें रद्द करावा लागला. ज्यांचा पैसा पणाला लागणार होता त्यांनीं पायरी वाचली होती.

आपल्या महाराष्ट्राविषयीं कांहीं वाचक कुतूहल बाळगून असतील. पूर्व विदर्भांत, नागपूर व भंडारा जिल्ह्यांत, अतिप्राचीन खडक उघडे आहेत आणि तेथें सोन्याचे अंश नोंदले गेले आहेत. पुणें, सातारा, नाशिक या बाजूस मात्र तसले खडक असलेच तर लाव्ह्याच्या जाड गोधडीखालीं आहेत. ती गोधडी किती जाड आहे याचें प्रत्यक्ष माप कोयनेला मिळालें. तेथें भूकंपांच्या अभ्यासासाठीं गोठणे येथें २०१६-१७ सालीं तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें. सुमारें सव्वा किलोमीटर काळा पत्थर ओलांडल्यावर तळचा जुना खडक लागला. त्याआधीं त्याच टापूंत दीड किलोमीटर खोलीपर्यंत कित्येक छिद्रें पाडून गाभे काढले होते. कराडजवळच्या संशोधनकेंद्रांत ते पेट्यांतून ओळीनें मांडून ठेवलेले आहेत : खणामागून खण काळा पत्थर, मधूनच कांहीं थरांच्या माथ्यावरची तांबूस माती, आणि मग एका पेटींत एकाएकीं फिकट, ठिपकेदार, अब्जावधि वर्षांचा जुना दगड.